वस्तऱ्याची चराई

समुद्र न बघता समुद्राच्या गप्पा मारणारी माणसं आमच्या बीडमध्ये पुष्कळ आहेत. गोव्याहून आलेल्याच्या मोबाइलमधले फोटो बघायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन आल्यासारखं सांगायचं, यात कुणाला काही वाटत नाही. पण समुद्र न बघता समुद्रातल्या एका माशाची बाजू घेऊन चारचौघांत भांडणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते झूलॉजी शिकवायचे आणि मी केमिस्ट्री. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे, आणि सहा वर्षांत आमचं एकाही गोष्टीवर चटकन एकमत झालं नाही.

सरांचं घराणं मेंढपाळांचं. मांजरसुंब्याच्या पुढे डोंगरात त्यांचं गाव. घरातले एमएस्सी झालेले ते पहिले आणि एकटेच; थोरला भाऊ, चुलते, चुलत भाऊ सगळे अजून मेंढरांमागे. सर उंच, काटकुळे, पायांत कातड्याच्या जाड करकरीत वहाणा. वर्गात फळ्यापाशी ते कधी उभे राहिले नाहीत. बाकांच्या मागून फेऱ्या मारत शिकवायचे. मुलांची तोंडं फळ्याकडे आणि आवाज पाठीमागून, असा सगळा मामला. मी एकदा विचारलंच, "सर, पुढे का नाही हो उभे राहत?"

"कळप हाकणारा मागूनच चालतो मॅडम. पुढून फक्त पुढारी चालतात."

बोलायचेही असेच, गावाकडचं. बारावीच्या मुलांना डोळ्याची रचना समजावताना "हितून उजेड आत शिरतो, लई शहाणा असतो तो" असं काहीतरी. एकदा एक पालक तक्रार घेऊन आले, की मुलाची भाषा बिघडते. सर शांतपणे म्हणाले, "भाषा माझी हाय, मार्क त्याचे हायत. मार्क बिघडले का?" मार्क बिघडले नव्हते. ते पालक पुन्हा आले नाहीत.

आता मासा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात सरांनी स्वतःच्या पैशानं खाऱ्या पाण्याचा चार फुटी फिश टँक ठेवला होता. त्यात एकच मासा. पांढुरका, पिवळसर झाक असलेला, अंगावर सहा काळे उभे पट्टे, लांबीला हाताच्या चार बोटांएवढा. प्रवाळाच्या खडकांवर राहून शेवाळ खाणाऱ्या माशांपैकी तो एक. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक पातं असतं. एरवी खाचेत मिटलेलं, वेळ आली की बाहेर. म्हणून इंग्रजीत त्याला सर्जन म्हणतात आणि पट्ट्यांमुळे कैदीही म्हणतात. सरांना हे नाव अजिबात खपायचं नाही. "पट्टे दिसले की कैदी म्हणायचं, ही साहेब लोकांची खोड हाय. त्यानं काय गुन्हा केला?" त्यांनी त्याचं नाव वस्तरा ठेवलं होतं.

हा वस्तरा पुण्याच्या दुकानातून एसटीनं आला. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, खोकं सरांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, खोक्यात काय. सरांनी उत्तर दिलं, "समुद्र." कंडक्टर बीडचाच असणार, कारण तो म्हणाला, "मग अर्धं तिकीट लागंल. समुद्र बारका दिसतोय." सरांनी ते अर्धं तिकीट खरंच काढलं आणि पुढे कित्येक महिने टँकच्या काचेला चिकटवून ठेवलं होतं.

माझा यात संबंध आला तो मिठावरून. सर दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाले, "मॅडम, घरातलं मीठ चालंल का?" मी म्हटलं, लोणचं घालायचं असेल तर चालेल. मग मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं सगळं त्यांना सांगत बसले आणि शेवटी टँकच्या पाण्याचा खारेपणा मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर सोमवारी मी तरंगती नळी टाकून आकडा वाचायची आणि सर वहीत लिहायचे. बीडमध्ये नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं. अशा गावात एक माणूस विकतचं गोडं पाणी आणून त्याचं खारं करतोय, हे ऐकून लोक हसायचे, काही जण चिडायचे. सर म्हणायचे, "आठवड्याला एक बादली टाकतो. तुमच्या कूलरला इचारा तो किती पितो."

आणि तो मासा करायचा काय? काही नाही. चरायचा. सकाळी ट्यूबलाइट लागली की तोंड दगडाला, आणि दिवे जाईपर्यंत तोंड दगडालाच. मी कंटाळून म्हणायची, "सर, एखादा नाचणारा मासा तरी आणायचा." सरांना राग यायचा. ते मला समजावायचे की प्रवाळाच्या खडकावर शेवाळ क्षणाक्षणाला वाढतं. ते कुणी खुडलं नाही तर ते प्रवाळाला झाकून टाकतं. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडून मरतं, आणि मेलेल्या खडकावर पहिलं कोण येतं तर शेवाळ. एकदा ते माजलं की प्रवाळाच्या नव्या पिल्लाला टेकायला जागाच उरत नाही. "हा गडी त्या मेलेल्या दगडावर चरत राहतो मॅडम. खडक मेला म्हणून सोडून जात न्हाई. जागा साफ ठेवतो. कवातरी एक पिल्लू तरंगत येतं आन् तिथं बसतं. रान परत उभं राहतं ते त्याच्या दातांवर."

मुलं विचारायची, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत. येतं ते तुमी पाठ करालच."

एकदा सरांची आई आली होती. दवाखान्याच्या कामाला बीडला आली, तर सर तिला मासा दाखवायला घेऊन आले. हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात पिशवी. ती टँकपुढे उकिडवी बसली आणि अर्धा तास हलली नाही. आमचे फिजिक्सचे सर गमतीनं म्हणाले, "काय मावशी, आवडला का?" ती त्यांच्याकडे न बघताच बोलली, "ह्ये आपलंच हाय की. मान वर करीना." मग सरांना म्हणाली, "एकटंच कावून ठिवलंस रं? ह्येला जोडी न्हाई, कळप न्हाई. एकट्यानं चरणाऱ्याला कुणीबी हाकलतंय." सर नुसतेच हसले. मला त्या वेळी ते म्हातारीचं बोलणं वाटलं.

सरांच्या गावाला डोंगरउताराची गायरान जमीन आहे; सगळ्या गावानं चारायची, कुणा एकाच्या नावावर नसलेली. गावच्या पुढाऱ्यांनी, त्यांना सगळे आबा म्हणतात, तिला तारेचं कुंपण घालायचा बेत काढला. वर्षानुवर्षं चराई बंद, आत वृक्षलागवड. कारण काय, तर मेंढरांनी डोंगर बोडका केला. सरांनी ते ऐकलं आणि स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"आज झाडं, उद्या गेट, परवा फार्महाउस," ते म्हणाले. "आन् माझ्या भावानं पावसाळ्यात मेंढरं कुठं न्यायची? रोडवर?"

भावाचा प्रश्न खरा होता. त्या गावचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन गोदाकाठाला उतरतात, तिथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात आणि मृगाला परत येतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांना तेवढं एक गायरान. ते गेलं तर मेंढरं विकण्याशिवाय दुसरं काही उरत नव्हतं.

सरांनी मग जे केलं ते सरांनाच सुचावं. शहाबादी फरशीचे दोन सारखे तुकडे घेतले आणि टँकमध्ये सोडले. एकावर प्लॅस्टिकची जाळीदार परडी पालथी घातली, दुसरा उघडा. उजेड दोन्हींवर सारखा, पाणी तेच. फरक एवढाच की परडीखाली वस्तऱ्याचं तोंड पोचत नव्हतं. गणपतीच्या सुमाराला ठेवलेल्या फरश्या त्यांनी जानेवारीत बाहेर काढल्या. परडीखालची फरशी दिसतच नव्हती, तिच्यावर हिरव्या केसांचं गचपण माजलं होतं आणि खालून कुजका वास येत होता. उघडी फरशी स्वच्छ, आणि तिच्यावर मधूनमधून गुलाबी पापुद्रे धरलेले. प्रवाळाची पिल्लं अशाच गुलाबी पापुद्र्यावर टेकतात, सरांनी मला सांगितलं. 

सव्वीस जानेवारीला गावात ग्रामसभा. मी सरांबरोबर गेले. शाळेच्या पटांगणात झेंडा झाला, जिलेबी वाटली, आणि मग सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं उरली. मेंढपाळांपैकी एकही नव्हता; जानेवारीत ते गावात नसतातच. आबांचं भाषण झालं. सर उठले, पिशवीतून दोन फरश्या काढल्या आणि सतरंजीवर मांडल्या. शिकवल्यासारखंच बोलले. चरणारा काढून टाकला की रान वाढत नाही, गचपण वाढतं. शेजारच्या गावानं कुंपण घातलं तिथं जाऊन बघा, चाऱ्याचं पवन्या गवत गेलं आणि गाजर गवत आलं. जास्त चरलं तर जमीन उघडी पडते हेही त्यांनी मान्य केलं. "म्हणून तर आमची मेंढरं आठ महिने हितं नसत्यात. जमीन इसावा घेती."

लोक ऐकत होते. तेवढ्यात आबा हसून म्हणाले, "मास्तर, तुमी समुद्र बघितलाय का?"

"न्हाई."

पटांगणात खसखस पिकली. सर तसेच उभे. मग ते म्हणाले, "आन् तुमी गायरान बघितलंय का, आबा? रोडवरनं न्हाई. आत चालत जाऊन."

हसू थांबलं. आबांचंही. पण हसू थांबवलं म्हणून ठराव थांबत नाही. ग्रामसेवकांनी डोकी मोजली, गणपूर्ती होत नाही म्हणाले आणि सभा तहकूब करून पुढच्या गुरुवारी ठेवली. मी खूश झाले. सर मात्र मोटरसायकलला किक मारताना म्हणाले, "मॅडम, तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. दहा माणसं बसली तरी ठराव पास. हे आधीच ठरवलेलं हाय." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा बोलले, "मी येडा. मास्तर झालो आन् वाटलं पुरावा दाखवला की झालं. मायचं ऐकायला पायजे होतं."

मग मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा पिताना त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. प्रवाळाच्या खडकावर एक बोटभर मासा असतो, तो शेवाळाची चक्क शेती करतो. आपल्या तुकड्यातलं नको ते शेवाळ उपटून बाहेर फेकतो आणि दुसऱ्या कुणाला आत शिरू देत नाही. वस्तरा त्याच्या चौपट मोठा, तरी एकटा गेला तर हा टिचभर शेतकरी त्याला हुसकून लावतो. म्हणून वस्तरे एकटे जातच नाहीत. शंभर-दोनशेंचा थवा एकदम उतरतो. शेतकरी एकाला पळवतो तोवर बाकीचे चरून घेतात. "मी एकटा गेलतो," सर म्हणाले आणि कप ठेवून उठले.

आबा आणि आमच्या क्लासचे मालक यांचं नातं होतं. कोणतं ते मला माहीत नाही, पण शुक्रवारी मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं एवढं खरं. दार उघडंच होतं. मालक म्हणाले, "सर, तुम्ही नोकरी करा, राजकारण करू नका. गुरुवारी तुम्ही गावात दिसला नाही पाहिजेत." सर म्हणाले, "गुरुवारी माझी रजा टाका." मालक म्हणाले, "रजा मिळणार नाही." सर म्हणाले, "मग गैरहजेरी टाका," आणि तासाला निघून गेले.

शनिवारी एक गोष्ट घडली, ती लिहायला मला लाज वाटते. इलेक्ट्रिशियन आला आणि स्टाफरूमची इन्व्हर्टरची लाइन काढून कॅमेऱ्यांना जोडून गेला. म्हणजे वीज गेली की टँकच्या पाण्यात हवा सोडणारा पंप बंद. मी तिथेच पेपर तपासत बसले होते. मला समजलं. मालक दारात उभे होते, मी मान वर केली नाही. सर तेव्हा निघून गेलेले. शनिवारी संध्याकाळी ते गोदाकाठाला भावाचा तळ शोधायला गेले होते. त्यांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, वीज काय लगेच जाणार आहे. माझंही घर त्याच पगारावर चालत होतं, हे कारण मी स्वतःला दिलं आणि घरी गेले.

रविवारी दुपारी दोनला क्लासला कुलूप लागलं आणि त्या भागातली वीज दुरुस्तीसाठी सात-आठ तास बंद राहिली.

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे नळी घेऊन गेले तर सर टँकपुढे उभे होते. वस्तरा तळाशी आडवा पडला होता. पट्टे फिके झाले होते. मी म्हटलं, "सर, मला शनिवारी माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आज खारेपणा किती हाय तेवढा बघून घ्या मॅडम. नोंद ऱ्हाऊन जायला नको." मी आकडा वाचला, त्यांनी वहीत लिहिला. मग बाही वर सारली आणि माशाला दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

पहिला तास त्यांचाच होता. मी त्या दिवशी वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. सर पहिल्यांदा फळ्यापाशी, मुलांसमोर उभे होते. टेबलावर डिसेक्शनचा ट्रे, ट्रेमध्ये वस्तरा. मुलींपैकी एक रडत होती. सरांनी कात्री घेतली आणि पोट उघडलं.  चिमट्यानं त्यांनी आतडं सोडवायला सुरुवात केली, वेटोळ्यावर वेटोळं, आणि टेबलावर सरळ मांडत गेले. फूटपट्टी संपली. दुसरी फूटपट्टी लावली.

"चार बोटांचा मासा," ते म्हणाले. "आतडं बघा. हा जन्मला खोल समुद्रात, काचेसारखा, आरपार दिसणारा. तिथं हा बारीक जीव खाऊन जगत होता, तवा आतडं आखूड होतं. मग वाहत वाहत खडकावर आला. खडकावर खायला काय, तर शेवाळ. शेवाळ पचवायला लई अवघड. त्यानं काय केलं? परत न्हाई गेला. थोड्या दिवसांत अंगावर पट्टे आणले, आन् आतडं वाढवलं. जिथं राह्यचंय तिथलं पचवायची ताकद आणली. लिहून घ्या."

"सर, परीक्षेला..." मागून एक मुलगा सवयीनं बोलला आणि लिहायला लागला.

मालक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "हे काय चाललंय? वर्गात वास येतोय. बंद करा."

"वीस मिनिटं ऱ्हायलीत तासाला," सर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "पगार कापा, मला काढा, काय ते तास झाल्यावर. हा मासा ह्याच क्लासमधी मेला, तर तो हितंच शिकवून जाईल."

मालक आत पाऊल टाकणार होते. मी दारातून हलले नाही. एवढंच मी केलं, आणि ते शनिवारच्या मानानं काहीच नव्हतं, पण केलं. मालक माझ्याकडे बघत राहिले. आत एकेका बाकावरची मुलं उठून टेबलाभोवती उभी राहू लागली. सरांनी वीस मिनिटं पूर्ण शिकवलं. आतड्यात नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा मोठा जिवाणू या माशाच्या भावबंदांमध्ये सापडतो, हेसुद्धा सांगितलं. घंटा झाली तेव्हा त्यांनी हात धुतले, वही काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेले. मालकांना त्यांना काढायची संधीसुद्धा मिळाली नाही.

गुरुवारी मी गावात गेले. रजा मागितली नाही, सांगूनही गेले नाही. पटांगणात नेहमीचे आठ-दहा लोक सतरंजीवर, आबा खुर्चीवर, ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेले. सर भिंतीला टेकून एकटेच उभे. घड्याळात अकरा वाजले. आबा म्हणाले, "चला, घ्या वाचायला."

तेवढ्यात पहिला टेंपो आला. त्यातून बायका उतरल्या, कडेवर पोरं, पायांना गोदाकाठचा काळा चिखल वाळलेला. मागून दुसरा टेंपो. मग मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीनं उतरून चालत आलेली माणसं. लाल पागोटी, खांद्यावर घोंगडी. एकेका तळावर एक-दोन माणसं मेंढरांपाशी ठेवून बाकी सगळे आले होते. सतरंजी भरली, मग माती भरली, मग लोक शाळेच्या ओट्यावर चढून बसले. आबा खुर्चीवरून उठले. एकाला बाजूला घेऊन घरकुलाचं काय काय सांगू लागले, तोवर दुसरे चार पुढे येऊन बसले. दुसऱ्याला पोराच्या दाखल्याची आठवण दिली, तोवर मागून वीस जण आले. शेवटी त्यांनी ग्रामसेवकांना विचारलं, "हे सगळे गावचेच हायत का?"

 माणसांनी अंगातल्या कोपऱ्या-बंड्यांच्या खिशांतून आणि बायकांनी कमरेच्या पिशव्यांतून मतदार कार्डं काढली आणि हात वर केले. मी इतके हात एका जागी कधी पाहिले नव्हते. ग्रामसेवकांनी दोनदा मोजायचा प्रयत्न केला आणि मग न मोजताच लिहायला घेतलं. कुंपण नको. चराई पूर्वीसारखी चालू.

आबा पटांगण सोडताना सरांजवळ थांबले. "मास्तर, नोकरी गेली म्हणं तुमची."

"गेली," सर म्हणाले. "गायरान हाय."

आबा गाडीत बसले. ग्रामसेवक रजिस्टर मिटायला लागले तसे सर भिंतीपासून सरळ झाले. "मिटू नका. ठराव वाचून दाखवा."

ग्रामसेवकांनी तोंडातल्या तोंडात वाचला.

"मोठ्यानं वाचा साहेब. माझी माय मागं ओट्यावर बसलीय. तिला कमी ऐकू येतं."

ग्रामसेवक उभे राहिले, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचला. गायरानाला कुंपण घालण्यात येऊ नये, चराई पूर्ववत चालू ठेवावी, असा ठराव बहुमताने मंजूर.  मागच्या ओट्यावर हिरवं नऊवारी उठून उभं राहिलं.

"आजून एकदा!" म्हातारी ओरडली.

आणि ग्रामसेवकांनी ठराव तिसऱ्यांदा वाचला.